वळूंच्या फाईलमधले शेरे

मंगळवारी सकाळी माझा नवरा फार्मवर गेला. अकराला फोरमनचा फोन आला. नवरा वजनकाट्यापाशी पडला होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो वारला होता.

मी दोह्यातल्या अल गराफा भागात एका शाळेत ग्रंथपाल आहे. फोन आला तेव्हा पुस्तकांवर नंबर चिकटवत होते. हातातल्या पुस्तकावरचा नंबर सरळ चिकटवला आणि मगच उठले. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण पुढचा घोळ याच स्वभावामुळे झाला. वस्तू नीटनेटकी केल्याशिवाय मला ती हातावेगळी करता येत नाही.

दोह्यापासून तासाभरावर एका कतारी मालकाचं मांसासाठी गुरं वाढवणारं फार्म आहे. पुढच्या वासरांचा बाप कोणता वळू व्हावा, हे ठरवणं माझ्या नवऱ्याचं काम होतं. ठरवायचं ते रूप बघून नाही, आकडे बघून. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आणि गव्हाणीखाली काटा. तोंड घातलं की कोणी किती खाल्लं याची नोंद आपोआप होते. शिवाय वजन, वाढ, ऑगस्टच्या दुपारी श्वास किती जोरात चालतो, त्या वळूच्या मुली वेळेवर गाभण राहतात का, सगळं लिहून ठेवायचं. "आपला चारासुद्धा बोटीने येतो, हमद पोर्टवर उतरतो," तो म्हणायचा. "इथे थोडक्यात भागवणारा आणि उन्हात न धापणारा जावई हवा. बाकी उंची, रंग बघायला आपण काही फोटो पाठवत नाही आहोत."

जावई हा त्याचाच शब्द. आमच्या लग्नाआधी त्याने एकोणीस मुली पाहिल्या होत्या आणि पसंत न पडण्याचा अनुभव दोन्ही बाजूंनी भरपूर घेतला होता. ते सगळं ज्ञान त्याने वळूंवर खर्च केलं.

कराडला सासरी मात्र आम्ही 'डेअरी' असं सांगितलं होतं. दिवसांच्या वेळी तिकडे गेलो तर एका काकांनी विचारलं, "मग, दूध बरं निघायचं का?" मी म्हटलं, "बरं निघायचं." नंतर स्वयंपाकघरात सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, सात वर्षं व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे नुसते वळू उभे. मला काय दिसत नव्हतं? पण इतकं मन लावून खोटं बोलायचा, म्हटलं बोलू दे." मी दार लोटून घेतलं. तो गेल्यावर पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो, तोंडाला पदर लावून, कारण बाहेर गुरुजी बसले होते.

तिथेच फोरमनचा दुसरा फोन आला. तो रायगडचा, आमच्या आधीपासून कतारात.

"वहिनी, आता बोलू नये, पण साहेबांची फाईल कोणाला वाचता येत नाय. सगळी मराठीत. गुरांचे डॉक्टर सुदानचे, ते तरी काय करणार? मी वाचून दाखवली असती, पण मला ते आकडे कळत नायत."

मी फाईल फोनवर मागवून घेतली. दहाव्या ते तेराव्या दिवसापर्यंत, माणसांची ये-जा नसेल तेव्हा, इंग्रजीत उतरवत बसले. मला बरं वाटत होतं. रकाने स्वच्छ होते: वजन, वाढ, श्वास, खाण्यातला फरक, गोत्र. गोत्र म्हणजे बापाकडचं घराणं. एकाच घराण्यात सोयरीक नको म्हणून त्याने तो रकाना ठेवला होता.

शेवटचा रकाना शेऱ्यांचा. तो वाचला आणि माझे कान तापले. एकोणतीस नंबरपुढे लिहिलं होतं, "घरचं सगळं ठीक, पण मुलगा फाटकाला डोकं लावतो. याच्या आईशी बोलायला हवं." सतरा नंबरचा वळू मालकांचा लाडका, पांढराशुभ्र, उंच. त्याच्यापुढे तर असं काही होतं की मी पटकन पान पुढे ढकललं. माणूस जाऊन दहा दिवस झालेले, आणि परक्या लोकांनी हे वाचून त्याला थिल्लर समजायचं? मी शेऱ्यांचा अख्खा रकाना गाळला. उरलेलं सुबक कोष्टक पाठवून दिलं. डॉक्टरांचं उत्तर आलं, "फारच व्यवस्थित." मला समाधान वाटलं.

कतारला परत येऊन तीन आठवडे झाले होते. एका बुधवारी शाळा सुटता सुटता फोरमन फोनवर म्हणाला, "वहिनी, चव्वेचाळीस नंबर उद्या जातोय."

"कुठे जातोय?"

"कुठे म्हणजे? वळू कुठे जातात? सकाळी ट्रक आहे. डॉक्टरांनी उणेवाल्या सगळ्यांवर लाल रेघ मारली. तुमच्याच कागदावरून. साहेबांनी चार वर्षं त्याच्यामागे काढली हो. येतात का तुम्ही?"

चव्वेचाळीसबद्दल मी जेवताना चार वर्षं ऐकत होते. गाडीत बसल्यावर मी फोनवर मूळ फाईल उघडली आणि त्याच्यापुढचा शेरा पहिल्यांदा पूर्ण वाचला. मग गाडी सरळ फार्मकडे काढली.

फार्मवर पोचले तेव्हा मालक, डॉक्टर आणि फोरमन मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर बसले होते. मालक सत्तरीचे. जुन्या कतारी माणसांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी त्यांना येतं. त्यांनी कहवा पुढे केला, खजूर पुढे केले, नवऱ्यासाठी दुवा मागितली. मग डॉक्टरांनी माझंच कोष्टक माझ्यापुढे ठेवलं.

"मॅडम, हा वळू गरजेपेक्षा कमी खातो. आकडा उणे आहे. कमी खाणारं जनावर आजारी असतं." डॉक्टर उपचारांचे. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होते.

"उणे म्हणजे चांगलं," मी म्हटलं.

"उणे चांगलं कसं असेल?"

मी इंग्रजीत समजावू लागले. या वजनाच्या, या वेगाने वाढणाऱ्या जनावराने किती खायला हवं ते गणित सांगतं, खरं किती खाल्लं ते काटा सांगतो, आणि हा फरक... तिघेही माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने बघत होते. विधवेचं ऐकून घ्यावं, तसं. बाहेर कुणीतरी ट्रकसाठी लाकडी फळ्या लावत होतं.

"साहेबांनी स्वतः काही लिहिलं नाही का?" मालकांनी हिंदीत विचारलं.

"लिहिलं आहे," मी म्हटलं. "मी ते पाठवलं नाही."

"का?"

मी फाईल उघडली. ठरलं असं की मी मराठीत वाचायचं आणि फोरमनने अरबीत सांगायचं.

"चव्वेचाळीस," मी वाचलं. "आकडा उणे आहे म्हणून कोणी घाबरू नये. इतरांपेक्षा कमी खाऊन तेवढाच वाढतो, तेच उणे. चारा वाचवतो. मुलीही बापावर गेल्या आहेत. ऑगस्टमध्ये सगळे पंख्याखाली, हा बाहेर उभा. दिसायला यथातथा, एक शिंग वाकडं, पण संसार करेल."

फोरमनने ते अरबीत सांगितलं. वाकड्या शिंगाचं हाताने करून दाखवलं. मग माझ्या खांद्यावरून फाईलमध्ये डोकावून म्हणाला, "वहिनी, एक ओळ ऱ्हायली."

"ती महत्त्वाची नाही."

"साहेबांनी लिवलीय ना? मग वाचा की."

मी वाचली. "थोडक्यात, हिच्यासारखा. बोलत नाही, मागत नाही, उन्हात टिकतो."

फोरमनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहत अरबीत सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझी तुलना एका वळूशी झाली होती, तीही चारचौघांत, आणि मला ती नवऱ्याने केलेली सगळ्यात मोठी स्तुती वाटत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही दाबता येत नव्हतं. मी कहव्याचा कप तोंडापुढे धरला. तो रिकामा होता.

"उख्ती," मालक म्हणाले, म्हणजे ताई, "माझ्या सतराबद्दल काय लिहिलंय?"

"ते असू दे," मी म्हटलं.

"वाचा."

"सतरा. उंच, गोरा, मालकांचा लाडका. खाणं वऱ्हाडाएवढं, काम वरातीपुरतं. मे महिना उजाडला की जीभ बाहेर. सासऱ्याने गाडी दिली म्हणून पसंत केलेलं स्थळ."

फोरमनने एक खजूर उचलून तोंडात टाकला.

"यल्ला, सांग," मालक म्हणाले.

"त्यांनी लिहिलंय, सुंदर आहे," फोरमन म्हणाला.

"एवढं लांब? फक्त सुंदर?"

फोरमनने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने डोळे मिटून सगळं सांगून टाकलं, गाडीसकट. मग मालकांनी मांडीवर थाप मारली. हसता हसता त्यांना ठसका लागला. "माझा मेव्हणा!" ते म्हणाले. "वल्लाह, हा तर माझा मेव्हणाच!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फाईल मागून घेतली, सतरा आणि चव्वेचाळीसचे खाण्याचे आणि वाढीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि कॅल्क्युलेटर काढला. दहा मिनिटांनी त्यांनी चव्वेचाळीसवरची लाल रेघ खोडली. मग उरलेल्या उणेवाल्यांवरच्याही खोडल्या. "मॅडम," ते म्हणाले, "पुढच्या वेळी कृपया एवढं व्यवस्थित करू नका."

निघताना फोरमन मला चव्वेचाळीसकडे घेऊन गेला. मी त्याला आधी कधीच पाहिलं नव्हतं. मातकट रंगाचा, बुटका, पायांत जरा फेंगडा. चार वर्षं ऐकून मी मनात बराच देखणा वळू उभा केला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"लाजतोय," फोरमन म्हणाला.

"माझ्यावर गेलाय," मी म्हटलं.

सतरा नंबर अजून आहे. मालकांना त्याला काढवत नाही, पण त्याची सोयरीक आता कुणाशी होत नाही. चव्वेचाळीसची त्यानंतर आणखी अकरा वासरं झाली आहेत, त्यातल्या सात कालवडी. शनिवारी मी फार्मवर जाते आणि डॉक्टरांबरोबर त्यांची वजनं लिहून घेते. नवरा जाऊन दीड वर्ष झालं. शेरे आता कोणी लिहीत नाही.