लाईट गेली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रांबरोबर इतकी वर्षं रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतो त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि चुकून ओळखत असलाच, तर भलत्याच माणसाला ओळखता.

तो माणूस कसा आहे, तेवढं आधी ऐका. व्हिडिओ गेमचा विषय निघायचा अवकाश, की त्याची टकळी सुरू. हल्लीचे गेम म्हणजे काय, तर दात न आलेल्या बाळाला भरवलेला गुरगुट्या भात! पहिला अर्धा तास गेमच तुम्हाला शिकवतो — हे बटण दाब, आता उडी मार, शाब्बास. शाब्बास कशाबद्दल? उडी मारल्याबद्दल? मेलास तरी काळजी नको, तिथनंच परत ऊठ. वाट चुकलास तर वर बाण दाखवतो. कंटाळलास तर सेव्ह कर आणि जेवून ये. ह्याला खेळ म्हणतात? आमच्या वेळी तीन जीव मिळायचे. तीन गेले की घरी. परत पहिल्यापासून. त्यात माणूस घडायचा — असं मी म्हणायचो. माणूस घडायचा! एकदा एका कॉलेजात मला ह्या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी तासभर नव्या पोरांची सालटी काढली आणि पोरांनीच टाळ्या वाजवल्या. शाल मिळाली.

मला तुच्छतेनं बोलता येतं. फार चांगलं येतं. आज तीच तुच्छता जरा स्वतःवर वापरायची म्हणतोय.

पंच्याण्णव सालची गोष्ट. वडिलांचं सायकलचं दुकान मी बंद केलं आणि त्या जागेत गेम पार्लर टाकलं. शाहूपुरीत, एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. मुंबईहून जुनी पाच मशीनं आणली होती. त्यातलं एक विमानाचं होतं — खालून वर जाणारं एक छोटं विमान, आणि वरून पावसासारख्या येणाऱ्या गोळ्या. ते माझं लाडकं. ही मशीनं बंद केली की सगळे आकडे विसरायची, म्हणून मी भिंतीवर एक काळा फळा लावला होता. वर पेंटरकडून 'उच्चांक' असं लिहून घेतलं होतं. खाली आकडा, आणि आकड्यापुढं माझं नाव. दीड वर्ष तो आकडा कुणाला हलवता आला नाही. लांबलांबून पोरं यायची, हरायची, आणि जाताना फळ्याकडं बघायची. मी स्टुलावर बसून दात कोरत असायचो.

आता पहिली गोष्ट. त्या मशीनच्या पोटात एक हिरवी पट्टी असते. तिच्यावर तांदळाएवढे पांढरे खटके. एक खटका इकडं केला की गोळ्या कमी येतात, दुसरा केला की जीव जास्त मिळतात. किल्ली माझ्याकडं. सकाळी शटर अर्धं खाली ठेवून मी खटके सोपे करायचो, खेळायचो, आकडा फळ्यावर चढवायचो. मग खटके पार कठीण करून ठेवायचो — आणि शटर वर. तेव्हा 'जुने गेम किती अवघड असायचे' असं जेव्हा मी सांगतो, तेव्हा काय सांगत असतो? ते अवघड कोण करत होतं?

पण ही तर भुरटी लबाडी झाली. एवढ्यासाठी कुणी कबुलीजबाब देत नाही.

वंदना हुपरीची. सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की हुपरीच्या गाडीला तासभर अवकाश असायचा, तेवढ्यात ती यायची. बरोबर तिची मैत्रीण निर्मला — तीही हुपरीचीच. निर्मला दाराजवळच्या खुर्चीत वही उघडून बसायची, गेमकडं ढुंकूनही बघायची नाही. वंदना मात्र थेट विमानापुढं. त्या काळात पार्लरमध्ये पोरगी म्हणजे पोरं आधी दचकायची. मग हसायची. पंधरा दिवसांत हसायची बंद झाली.

कारण तिचा हात हलत नव्हता. आम्ही सगळे त्या दांडीशी कुस्ती खेळायचो; ती दोन बोटांनी धरायची. मी एकदा विचारलं, हे कुठं शिकलात? तर म्हणाली, "घरात पैंजणाला घुंगरं जोडतो मी. इस्तवावर. हात हलला की चांदीच वितळती." आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी पुरुषासारखंच बोलतात, तशी ती बोलायची — जातो, येतो, करतो. आणि माझे कठीण केलेले खटके, त्या गोळ्यांचा पाऊस, तिच्या विमानाला जणू लागतच नव्हता.

एके दिवशी ती शेवटच्या टप्प्याला पोचली. तिथपर्यंत मी सोपे खटके लावूनच पोचलो होतो. मागं पंधरा-वीस जण, कुणी श्वास घेईना. आकडा माझ्या आकड्याच्या जवळ आला. कुणीतरी म्हणालं, "फळा पुसायला फडकं आणा रं!" सगळे हसले. माझ्याकडं बघून हसले.

मी उठलो. पाणी प्यायला जातो तसा आतल्या बाजूला गेलो, आणि मेन स्विच खाली ओढला.

अंधार झाला. "लाईट गेली वाटतं," असं मीच मोठ्यानं म्हणालो. पोरांनी वीज खात्याच्या आईबापांचा उद्धार केला. वंदना मिनिटभर त्या काळ्या काचेकडं बघत राहिली. मग दप्तर उचललं, निर्मलाला म्हणाली, "चल, गाडी चुकंल." बस्स, एवढंच. माझ्याकडं बघितलंही नाही — की बघितलं होतं? आठवत नाही. मला सोयीचं नसलेलं फारसं आठवतच नाही.

बघा, इथं थांबावं असं वाटतंय. लाईट घालवली, पोरीचा डाव मोडला, वाईट वाटतंय — एवढ्यावर तुम्ही मला माफही कराल. पण खरी गोष्ट अजून यायचीय.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तक्रार नाही, काही नाही. पहिल्यापासून सुरू. मला ते सहन झालं नाही. रोज काय लाईट घालवणार? तिनं चिडायला हवं होतं, रडायला हवं होतं, किमान दोन दिवस तोंड फिरवायला हवं होतं. तिला त्याचं काहीच नव्हतं. फळ्याकडं तर तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. ज्या आकड्यासाठी मी जिवाचं रान केलं, तो तिच्या खिजगणतीतही नव्हता.

तीन-चार दिवसांनी दुपारी एक माणूस आला. तिशीचा, धूळ भरलेली मोटारसायकल. मशीनांकडं न बघता सरळ माझ्याकडं आला. "पावणं, हितं हुपरीची एक पोरगी येती काय ओ? कॉलेजची? माझी भन हाय. कॉलेज सुटल्यावर कुठं जाती कळंना, म्हणून स्टँडाजवळ सगळीकडं इचारतोय."

काय अवघड होतं? 'येते, अर्धा तास गेम खेळते, मैत्रीण बरोबर असते, जाते.' हे खरं होतं आणि सोपंही होतं. तो चिडला असता, चार शब्द बोलला असता. तेवढ्यावर निभावलं असतं.

मी म्हणालो, "येती की. आता गेम खेळायला येती का कुणाला भेटायला, ते आम्ही कसं सांगावं?"

त्याचा चेहरा बदलला. तो बदललेला मी बघितला, आणि तरी थांबलो नाही. त्या वाक्याला शेपूट जोडलं — "एक लाल गाडीवाला येतो बघा. नाव न्हाई ठावं."

लाल गाडीवाला कुणी नव्हता. कधीच नव्हता. त्या क्षणी माझ्या डोक्यात तो तयार झाला, लाल रंगासकट. "माझं नाव कुठं सांगू नका," असंही मी वर म्हणालो. त्यानं हात जोडले. माझे आभार मानले हो त्यानं.

वंदना परत आली नाही. आठ-दहा दिवसांनी निर्मला एकटीच दारात आली. वंदनाची वही इथं राहिली का, विचारायला. मी विचारलं, का ओ, त्या दिसत नाहीत? निर्मलाचे डोळे भरले. "कॉलेज बंद केलं तिचं घरच्यांनी. परीक्षेलाबी बसू देत न्हाईत. मला बी घरात घेत न्हाईत." मी च्-च् केलं. कोपऱ्यात वही होती, ती दिली. उन्हाळ्यात वंदनाचं लग्न झाल्याचं कळलं, वारणानगरकडं दिली म्हणून.

मला काय वाटलं, विचारा. लाज? छे. मला हलकं वाटलं. फळ्यावरचा आकडा पुसायला आता कुणी येणार नव्हतं.

पुढं कॉम्प्युटर आले. ती पाचही मशीनं भंगारात गेली आणि मी तिथंच सायबर कॅफे काढला. मागच्या बाजूला चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडून पोरं बंदुकीचे गेम खेळायची, आणि मी गल्ल्यावर बसून त्यांना शेंबडे म्हणायचो. जुने गेम ते जुने गेम! सगळ्यात जास्त राग मला त्या सेव्हचा. लाईट गेली तरी डाव तिथंच राहतो, हा काय खेळ झाला? — असं मी तावातावानं बोलायचो. कुणाला कळणार होतं मी का बोलतोय ते? जुने गेम बरे की नवे, खरंच मला ठाऊक नाही. मला जो बरा वाटायचा, त्याचा मेन स्विच माझ्या हाताशी होता, एवढंच.

दोन हजार सहाच्या सुमारास, दुपारी, एक बाई परीक्षेचा नंबर लिहिलेला कागद घेऊन आली. मुक्त विद्यापीठाचा निकाल बघायचा होता. मी नंबर टाकला. बी. ए., उत्तीर्ण. तिनं खुर्ची ओढून घेतली, पडद्याजवळ तोंड नेऊन स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग इकडंतिकडं बघत म्हणाली, "हितं मशीनं हुती न्हवं? विमानाचं हुतं एक."

मी ओळखलं. आणि मी काय करावं? सवयीनं तेच तुणतुणं सुरू केलं. ते गेमच वेगळे होते ओ, आता तसं काही राहिलं नाही, ही पोरं बघा...

ती हसली. "लाईट तुमीच घालवली हुती न्हवं का तवा? शेजारच्या सलूनातला पंखा फिरत हुता की. मला लगीच कळलंतं."

मी 'व्हय' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"जाऊ दे ओ. गेम तर हुता. त्यासाठी कोण राग धरून बसतंय?" मग कागदाची घडी घालत म्हणाली, "राग हाय त्यो निर्मलीवर. मी हितं येतो हे गावात तिच्याशिवाय कुणाला ठावं हुतं? तिनंच माझ्या भावाच्या कानात काय-बाय घातलं. लाल गाडीवाला म्हणं! पाच वरसं शाळंत एका बाकावर बसलो आमी. दहा वरसं झाली, तिचं तोंड बघितलं न्हाई मी."

तिनं लहान गुन्ह्याची माफी माझ्या हातात ठेवली होती. मी ती घेतली. मोठा गुन्हा निर्मलाच्या नावावर होता, तो तिथंच राहू दिला. कशाची भीती होती मला? भावाची? दहा वर्षांनी तो काय करणार होता? नाही. मागं चार पोरं बसली होती, ज्यांना मी रोज शेंबडे म्हणायचो — ती ऐकतील, ह्याची. एवढीच. मी निकालाचा कागद छापून तिच्या हातात दिला, अभिनंदन केलं. "येतो," म्हणून ती गेली. मी दारापर्यंत सोडायला गेलो, मोठ्या मनाच्या माणसासारखा.

त्यानंतर दोनेक वर्षांनी निर्मला आली. आता शाळेत शिक्षिका होती. चाचणीचा पेपर टाईप करून हवा होता. पाठीमागं उभं राहून तिनं दोन चुका दुरुस्त करून घेतल्या. मग एकदम म्हणाली, "सर, तुमाला आठवती का, वंदना यायची माझ्यासंगं? तिनं माझ्याशी बोलणं का सोडलं, मला कधी कळलंच न्हाई. लग्नाला बी बोलावलं न्हाई. पत्रं टाकली, उत्तर न्हाई. तुमच्या कानावर काय आलंतं का तवा?"

कॅफेत त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. ऐकणारं कुणीही नव्हतं.

"न्हाई ओ," मी म्हणालो. "मला काय ठावं असणार?"

तिनं पेपर पिशवीत घातले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "माझंच काय तरी चुकलं असंल."

आणि मी मान हलवली. असेल, म्हणून.