दुसऱ्याच्या हातची पत्रं

इतिहास विभागात तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणत, कारण बावीस वर्षं वॉर्डात नोकरी करून ती पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसली होती. विषय होता शंभर वर्षांपूर्वीच्या एका क्षयरोग रुग्णालयातून रुग्णांनी घरी धाडलेली एकतीस पत्रं. इतिहास, साहित्य आणि वैद्यक अशा तीन दगडांवर पाय ठेवून तिने सहा वर्षांत प्रबंध पुरा केला.

तोंडी परीक्षेला चार दिवस उरले होते. एक तारीख पडताळायला ती दप्तरखान्यात गेली आणि त्याच रुग्णालयाच्या कारकुनाची रोजवही पहिल्यांदाच तिच्या हाती आली. एका पानावर लिहिलं होतं, ‘आज सात पत्रे लिहून दिली.’ पानभर प्रत्येक ‘र’ची शेपटी लांब, खाली मुरडलेली. तिने पिशवीतून पत्रांच्या झेरॉक्स काढल्या. एकोणीस पत्रांत तीच शेपटी! अक्षर सारखं दिसतं हे तिला आधीही जाणवलं होतं. पण ‘त्या काळी शाळेत एकच वळण गिरवून घेत,’ असं तिने प्रबंधात बेधडक ठोकून दिलं होतं.

तिने प्रबंध उघडला. तिसऱ्या प्रकरणाचं नावच होतं ‘रुग्णांचा स्वतःचा आवाज’.

“परीक्षकांनी पाहिलीये ती वही?” रात्री जेवताना सगळं ऐकून नवऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग झाकली मूठ झाकलीच ठेव. सहा वर्षं पाण्यात घालायचीत का?”

तिने मान डोलावली खरी, पण ताट तसंच बाजूला सारलं. मार्गदर्शक सरांचे तीन फोन तिने वाजू दिले. जिना चढताना वाटे, मागून कुणीतरी ती वही घेऊन येतंय.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई हसून म्हणाल्या, “तिसरं प्रकरण मला सगळ्यात आवडलं.”

पाणी प्यायला उचललेला ग्लास तिने तसाच खाली ठेवला.

“मॅडम, तेच चुकलंय,” ती म्हणाली आणि वहीच्या पानाचा फोटो टेबलावर सरकवला. सरांचा चेहरा पडला.

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. “आम्हाला हे कधीच कळलं नसतं.”

“मला कळलं ना.”

“मग ही वाक्यं कुणाची?”

“काही रुग्णाची, काही कारकुनाची. मीही पत्रं लिहून द्यायचे, मॅडम. पेशंट म्हणायचा, ‘मी काही यातून वाचत नाही, असं लिही.’ मी लिहायचे, ‘आराम पडतोय.’”

तिला बाहेर बसवलं. चाळीस मिनिटं ती बाकावर बसून होती. सर बाहेर आले ते तिच्याकडे न बघताच बोलले, “पदवी थांबवलीये. सहा महिन्यांत प्रकरण नव्याने लिहा.”

आठवडाभर त्यांनी अबोला धरला. मग एका सकाळी फोन आला, “त्या वहीची सगळी पानं घेऊन या.”

पदवी पुढच्या वर्षी मिळाली. एखादा कागद आपलं लिहिलेलं खोटं ठरवेल, ही भीती काही गेली नाही. आजही जुन्या कागदांचं नवं दप्तर समोर आलं की ती आधी हात पुसते, श्वास घेते आणि मगच दोरी सोडते.