मांडावर घेतलेलं नाव

मी पदवीपर्यंत पोचलो तो गयाआत्यामुळं. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परतली आणि पुढं माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दिवसभर कापूस वेचून आली की संध्याकाळी माझ्याच पाटीवर अक्षरं गिरवायची. घरातला पहिला पदवीधर मी, पण शिकलो आम्ही दोघं.

नोकरीसाठी गोव्याला निघालो तेव्हा गंगापूरच्या स्टँडवर तिनं एसटीच्या खिडकीतून धपाट्यांचं गाठोडं आत दिलं. मी म्हणालो, "खोली मिळाली की तू पण ये आत्या. समुद्र दाखवतो."

"समुद्राला काय करू? मीठ दुकानात मिळतं की." मग खिडकीची दांडी धरून हळूच म्हणाली, "जिथं आपलं नाव कुणाला ठाव नाय, तिथं बाईमाणसानं कशाला जावं, बाळा?"

शिकत असताना रविवारी मी वेरूळला लेणी दाखवायचो. आता पणजीच्या निळ्या-पिवळ्या भिंतींच्या पोर्तुगीज गल्ल्यांतून पर्यटकांना फिरवतो, दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर नेतो. आधी भातानं पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. आता बांगडा तळल्याच्या वासानं भूक लागते, आणि फोनवर 'काय'ऐवजी मध्येच 'कितें' निघून जातं. वडील विचारतात, "गोयंकार झाला का रं?" आत्या हसत नाही. "ये" म्हटलं की विषय कपाशीवर नेते.

यंदा काणकोणजवळ एका कुणबी वस्तीत दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. घरमालक पुरसोबाब म्हणाले, "देवीक सांगिनासतना हांगा कोण रावना." देवीला सांगितल्याशिवाय इथं कुणी राहत नाही.

वस्तीच्या मधोमध शेणानं सारवलेलं अंगण आहे, त्याला मांड म्हणतात. बायका रात्री ओळी धरून नाचत-गात धालो खेळतात ते तिथंच. वस्तीतल्या बायका-पुरुषांसोबत मी चपला बाहेर काढून उभा राहिलो. नारळ ठेवून पुरसोबाब गाऱ्हाणं घालू लागले आणि मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, घरातलं थोर माणूस कोण?

वडिलांचं नाव ओठावर आलं होतं. मी म्हणालो, "गयाबाई."

"आवय?" म्हणजे आई का.

"आत्या."

आमच्याकडं माहेरी परतलेल्या बाईचं नाव लग्नपत्रिकेतसुद्धा येत नाही. इथंही बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.  पुरसोबाबांनी मात्र खणखणीत आवाजात देवीला सांगितलं की गंगापूरच्या गयाबाईचं हे लेकरू तुझ्या गावात आलंय, दोघांनाही सांभाळ. सगळ्यांनी होकार दिला.

वडिलांना हे सांगताना जीभ अडखळत होती. ते म्हणाले, "बरोबर केलंस. मला बी तिनंच वाढवलं."

घर म्हणजे कुठलं, असं पर्यटक विचारतात तेव्हा पूर्वी मी जिल्हा सांगायचो. आता वाटतं, जिथं गयाआत्याचं नाव माहीत आहे ते. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं असं ती म्हणते, म्हणून तिला पत्र लिहिलं:

ती. आत्यास,
सा. न.

तिथं आपलं नाव कुणाला ठाव नाही, असं तू म्हणायचीस. आता ठाव आहे. देवीला तुझं नाव सांगून झालंय, तेव्हा न येणं बरं दिसणार नाही. शेजारची शेवंतीमाय रोज विचारते, गयाबाय केन्ना येतली? तिला मी किती दिवस उद्यावर ढकलू?

ज्वारीचं पीठ इथं चांगलं मिळत नाही, तेवढं घेऊन ये. तवा मी आणलाय.