वादळाची सावकाश गाडी

त्याला सगळे वादळ म्हणत. टेकडीवरच्या वस्तीला सिमेंट, पाण्याच्या टाक्या, कपाटं, जे लागेल ते तो आपल्या पिकअपमधून पोचवायचा. खालच्या वळणावर हॉर्न वाजला की वरच्या बायका आधी कोंबड्या आवरायच्या. बायको म्हणायची, "अहो, जरा दमानं, सामान आपलं नाही." तो हसायचा. दम धरणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

मग एक दिवस ती माळ्याच्या शिडीवरून पडली. मणक्याचं हाड चिरलं आणि खालची शीर दाबली गेली. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली. तोवर घरी सपाट झोपवून ठेवा आणि आणताना एकही हिसका बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. पाय दुखतात म्हणून ती रडत होती, तर डॉक्टर म्हणाले, "दुखू द्या. दुखतंय तोवर पाय आपले आहेत."

हिसका बसू न देणं म्हणे! इथंच घोडं पेंड खात होतं. त्या चढावर रुग्णवाहिका यायची नाही. खाट खांद्यावर न्यावी तर वाट मुरमाची, एकाचा पाय घसरला की संपलं. राहता राहिली पिकअप. तिची ताकद मागच्या दोन चाकांत, आणि पहिल्या गिअरमध्येसुद्धा ती उतारावर अशी धावायची की प्रत्येक वळणाला ब्रेक दाबावा लागे. ब्रेक दाबला की हिसका. इस्पितळातून घरी येताना ती पदर दातांत धरून ओरडली होती, आणि ते ओरडणं वादळाच्या कानांतून जात नव्हतं. आयुष्यभर वेगाची मिजास केलेला हा गडी आता देवाकडे सावकाशी मागत होता.

तिचा धाकटा भाऊ फिटर होता. त्यानंच तोड काढली. भंगारातल्या जीपचा दुसरा, लहान गिअरबॉक्स पिकअपच्या मूळ गिअरबॉक्समागे जोडायचा, म्हणजे गाडी मुंगीच्या पावलानं चालेल आणि ब्रेकला हातही लावावा लागणार नाही. दोघांनी जिवाचं रान केलं. जीपच्या पुढच्या चाकांकडे जाणारं तोंड जाड झाकण बसवून बंद केलं, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. हँडब्रेकची तार मधे येत होती, ती तात्पुरती काढून ठेवली. मोठ्या दांड्याशेजारी लहान दांडा उभा राहिला.

"दाजी, एक ध्यानात ठेवा," फिटर म्हणाला. "लहान दांडा मधे असला की गाडी मोकळी. मग मोठा गिअर टाका नाहीतर टाकू नका, चाकं कुणाचीच नाहीत."

वादळानं मान डोलावली. समजलं होतं त्याला, नाही असं नाही. पण समजणं डोक्यात असतं आणि सवय हातात.

ऑपरेशनच्या सकाळी त्यानं गाडी एकदा रिकामी उतरवून पाहिली. टपावर ठेवलेला भरला तांब्या हिंदकळलासुद्धा नाही. तो एकटाच स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. वर येऊन त्यानं गाडी दारात वळवून उताराकडे तोंड करून लावली. काम झालं की दांडा मधे आणतात, तसा लहान दांडा मधे आणला. आणि गाडी गिअरवर अडून राहावी म्हणून उतारावर नेहमी लावायचा तसा मोठा दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरला. पुढचं चाक एका खळग्यात होतं, म्हणून गाडी जागची हलली नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

दोघांनी तिला फळीसकट उचलून मागं गादीवर ठेवलं. फिटर उशी आणायला घरात गेला. वादळानं मागचा फाळका लावला, अगदी हळू, आवाजसुद्धा न करता. तेवढ्यानं चाक खळग्याच्या काठावर आलं आणि गाडी चालू लागली.

क्षणभर त्याला वाटलं, फिटरच चालवतोय. मग तोंडचं पाणी पळालं. तो धावला, दार उघडलं, अर्धा आत लोंबकळला. पाय ब्रेकपर्यंत पोचेना. हात पोचला. त्यानं लहान दांडा सगळ्या जोरानं ओढला. गिअरचे दात करकरले, अडकले, आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थिजली. गाडी उभी राहिली. त्याच्या कपाळावर दार आपटलं, ते त्याला कळलंही नाही.

तो मागं गेला. ती गादीवरच होती, डोळे उघडे, तोंडावर एक ओरखडासुद्धा नाही. फिटर उशी छातीशी धरून दारातच उभा राहिला होता.

"कुठं दुखतंय?" वादळानं विचारलं.

"कुठंच नाही," ती म्हणाली. तिलाच नवल वाटत होतं. मग तिनं विचारलं, "अहो, पाय नीट ठेवलेत ना माझे?"

त्यानं तिचे दोन्ही पाय हातांत घेतले. "ठेवलेत," तो म्हणाला. आपण ते धरलेत, हे तिला कळत नव्हतं.

फिटर तिच्या उशाशी बसला. वादळानं गाडी सुरू केली, लहान दांडा नीट पाहून घेतला आणि उतार धरला. गाडी खरंच सुरेख चालली. एकदाही ब्रेक लागला नाही, एकही हिसका बसला नाही. प्रत्येक वळणाला तो श्वास रोखून मागं कान लावायचा आणि मनात म्हणायचा, ओरड गं, एकदा तरी ओरड.