आवृत्ती ३.२ मधली चूक

"विज्ञान आम्ही करतो. या ताई डबे भरतात."

भरल्या सभागृहात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी माझी ओळख करून दिली ती अशी. पाहुणे हसले. मीही हसले. माझं ते हसणं मला अजून बोचतं.

त्या सकाळी चाळीस लॅपटॉपांवर आमचं सॉफ्टवेअर एका ओळीच्या आज्ञेनं इन्स्टॉल झालं होतं. जमिनीखालच्या पाण्यात रसायन किती दूर पसरेल, हे ते सांगतं. फुकट आहे, कुणीही घ्यावं. सरांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला कोड फक्त त्यांच्याच मशीनवर चालायचा. तो कुठंही चालावा म्हणून त्याला सोबत काय लागतं, कुठल्या आवृत्तीचं, कशाचं कशाशी पटत नाही, याच्या याद्या मी सहा वर्षं वहीत ठेवल्या, आणि त्यावरून सगळं एकत्र बांधून दिलं. याला पॅकेजिंग म्हणतात; सरांच्या भाषेत डबे भरणं. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातल्या फिटरची मुलगी मी. डिप्लोमा झालेली. तांत्रिक सहायक. शोधनिबंधावर माझं नाव कधी आलं नाही. मी विचारलंही नाही. दमून तरसालीला घरी जायचं, कणीक मळायची.

मग एका खेड्यातल्या कॉलेजच्या शिक्षिकेची मेल आली. सॉफ्टवेअरची उत्तरं तिच्या हातानं केलेल्या हिशेबाशी जुळत नव्हती. मी दोन दिवस शोधलं. तिच्याकडच्या ३.२ या आवृत्तीत दिवस आणि तास यांची गल्लत होती. रसायन पसरतं त्यापेक्षा कमी दिसत होतं. त्याच आकड्यांवर विसंबून तिनं गावाला सांगितलं होतं, दोन विहिरी चांगल्या आहेत.

सरांचा शोधनिबंधही ३.२ च्याच उत्तरांवर छापलेला. ते म्हणाले, "दुरुस्त करा आणि त्याच नंबराखाली चढवा. कुणाला कळतंय?"

मी सांगितलं, बाहेर दिलेली आवृत्ती गुपचूप बदलत नाहीत. बदल केला की नवा नंबर, आणि काय चुकलं ते लिहायचं. नाहीतर ज्यांनी आधी घेतलं त्यांना कळणार कसं?

सर माझ्याशी मराठीत बोलत. गुजराती वापरत ती फक्त शिपायांना दटावताना. त्या दिवशी मला म्हणाले, "बेन, ए तमारो विषय नथी. तमे फक्त पॅक करो."

हा माझा विषय नाही, मी फक्त पॅक करायचं. मी जागेवर येऊन बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, नाव नाही तर जबाबदारीही नाही. पण हे खोटं माझ्याच हातून बाहेर जाणार होतं. बटण मीच दाबणार होते.

आधी त्या शिक्षिकेला फोन केला. ती म्हणाली, आजच गावात जाते. मग मी ३.२.१ बाहेर काढली. बदलांच्या नोंदीत लिहिलं : ३.२ ची उत्तरं चुकीची आहेत, ती वापरून काढलेले निष्कर्ष पुन्हा तपासा. खाली माझं पूर्ण नाव. पहिल्यांदाच.

आता सर माझ्याशी बोलत नाहीत. माझी बदली भांडारात होणार, असं कानावर आलंय. थकलेय मी, भांडायची हौस नाही. सॉफ्टवेअर चढवायचा पासवर्ड माझ्याकडे आहे, मागतील तेव्हा देईन. पण तोवर माझ्या हातून जे बाहेर जाईल, त्यात चूक सापडली तर ती त्यावर लिहिलेली असेल, आणि चुकीखाली माझं नाव असेल.