आधीच्या भाडेकरूचं पार्सल

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागून ठेवतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं लिखाण आजवर परीक्षेच्या पेपरापलीकडे गेलेलं नाही. ज्यांनी मोठं काही पाहिलं त्यांनी आठवणी लिहाव्यात. मी पाहिलं ते एक पार्सल, तेही दुसऱ्याचं. तरीही लिहितो, कारण त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो, आणि तो नुसता मनात ठेवून राहवत नाही.

आम्ही ठाण्याजवळच्या दिवा गावात भाड्यानं राहतो. बाबा एका सोसायटीत वॉचमन आहेत, आई नौपाड्यातल्या दवाखान्यात साफसफाई करते. घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी बाबांच्या मोबाईल नंबरवर आहेत: बँक, गॅस, रेशन, माझी स्कॉलरशिप. एकदा फोनवर कुणीतरी गोड बोलून त्यांच्याकडून कोड काढून घेता घेता राहिलं. तेव्हापासून ते तो नंबर नातेवाइकांनाही विचार करून देतात. त्यामुळे आईच्या साडीचा विषय निघाला तेव्हा ते सरळ म्हणाले, "साडीसाठी बँकेचा नंबर देऊ? वेडी झालीस का?"

बुद्धविहारातल्या बायकांनी पौर्णिमेच्या कार्यक्रमाला एकसारखी साडी नेसायचं ठरवलं होतं. पांढरी, निळ्या काठाची. ती ऑनलाइनच मिळत होती. माझ्या नंबरवर माझं खातं होतं, पण त्यातून आमच्या गल्लीतल्या अर्ध्याअधिक मावश्यांची खरेदी चालायची. आई म्हणाली, "मला नको त्या गर्दीत. माझं वेगळं उघड. माझ्या नावाचं."

आईनं स्वतःसाठी वेगळं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. म्हणून मी लगेच हो म्हणालो आणि तिला नवीन सिमकार्ड घ्यायला घेऊन गेलो. पण फिनेल आणि ॲसिडनं तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. दुकानदारानं सगळी बोटं आलटून पालटून मशीनवर ठेवून पाहिली, एकही ठसा जुळला नाही. "आधी आधार अपडेट करून आणा," तो म्हणाला. त्याला वेळ लागणार होता आणि पौर्णिमा जवळ आली होती.

मग वर्गातल्या एका मित्रानं व्हर्च्युअल नंबरचं सांगितलं. मी रात्री जेवताना आईला समजावलं.

"म्हणजे खोटा नंबर?"

"खोटा नाही गं. नंबर खरा, फक्त सिमकार्ड नाही. तो त्या कंपनीचा असतो. आपण थोडे दिवस भाड्यानं घ्यायचा. मेसेज आला की त्यांच्या ॲपमध्ये दिसतो. फोन मात्र येत नाही."

"म्हणजे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट."

"इथे तेवढेही महिने नाहीत."

आईला लगेच समजलं. आमची सगळी घरं अशीच झालीत.

मी नंबर घेतला, खरेदीच्या ॲपमध्ये टाकला, कोड आला, तो भरला. आता आईचं नाव विचारतील म्हणून मी वाट पाहत होतो, तर समोर आलं, 'पुन्हा स्वागत आहे.' आत कुणाचं तरी खातं होतं. ज्यानं आधी हा नंबर भाड्यानं घेतला होता, त्यानं त्यावर खातं उघडलं होतं आणि नंबरची मुदत संपल्यावर तो आता माझ्याकडे आला होता. कोड माझ्याकडे आला म्हणून ॲपनं मलाच मालक समजलं.

मी घाबरून बाहेर पडणार होतो, पण पहिल्याच ओळीवर नजर गेली. एक ऑर्डर वाटेत अडकली होती. 'ग्राहकाचा फोन लागला नाही. उद्या शेवटचा प्रयत्न. त्यानंतर वस्तू परत जाईल.' पत्ता ठाणे पूर्वेच्या कोपरीचा होता. खाली सूचना होती, 'पिठाच्या गिरणीपाशी येऊन फोन करावा.' आणि वस्तू होती बायकांचा पोहण्याचा पोशाख, काळा, पूर्ण बाह्यांचा, मोठ्या मापाचा.

मी मोबाईल आईसमोर धरला. तिनं वाचलं, मान वळवली आणि मग पुन्हा वाचलं.

"आधीच्या भाडेकरूचं सामान राहिलंय," ती म्हणाली.

हे मला समजावून सांगावं लागेल. आम्ही जिथे राहायला गेलो तिथे आधीच्या बिऱ्हाडाची पत्रं येत राहायची. कुणाचं बँकेचं पाकीट, कुणाच्या मुलीचं हॉलतिकीट. आई ती कधी परत पाठवायची नाही, कारण परत गेलेलं पुन्हा येत नाही असं तिचं म्हणणं. शेजारी विचारून, पत्ता काढून ती स्वतः पोहोचवायची. कळव्याच्या खोलीतून आम्ही निघालो तेव्हा आमचंही कुणीतरी असंच आणून दिलं होतं.

"हेल्पलाइनला सांगतो ना," मी म्हणालो. लावून पाहिलं. तिथे मशीनच बोलत राहिलं.

"उद्या कोड तुझ्याकडेच येणार ना? मग कॉलेज तिथून किती लांब आहे? जा. बाईमाणसाची वस्तू आहे."

दुसऱ्या दिवशी लेक्चर चालू असताना ॲपमध्ये डिलिव्हरीचा कोड आला. मी मागच्या दारानं निघालो, रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला आलो आणि विचारत विचारत त्या घरापाशी पोहोचलो. जुन्या गावठाणातलं दुमजली घर, बाहेर मोठी गाडी. गिरणीची सूचना मी वाचली होती, पण ती नुसती खूण असेल असं समजलो. मी सरळ बेल वाजवली.

दार उघडलं ते घरच्या सुनेनं.

"ताई, तुमच्याकडे एक पार्सल येणार आहे. त्याचा ओटीपी माझ्याकडे आलाय."

"आम्ही ओटीपी कुणाला देत नाही हां."

"मला नकोय. मी द्यायला आलोय."

"द्यायला?" तिनं मागे वळून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? आता हे लोक ओटीपी घरपोच द्यायला लागले."

आतून पुरुषाचा आवाज आला, "दार लाव आधी!"

"कसलं पार्सल? कुणाच्या नावाचं?"

मी तोंड उघडलं आणि थांबलो. तिच्या मागे जमिनीवर एक आजी वाल सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गिरणीपाशी येऊन फोन करावा, घरी नव्हे. भाड्याचा नंबर, घरचा नव्हे. मी वर्गात पहिल्या पाचात असतो, पण एवढी साधी गोष्ट मला दारात उभं राहिल्यावर कळली.

"पत्ता चुकलेला दिसतोय," मी म्हणालो.

"लगेच चुकला! बघा, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड घालून फिरतात." दार बंद झालं.

मी गिरणीपाशी जाऊन उभा राहिलो. मनाला खूप लागलं होतं, खोटं कशाला सांगू. पण निघून गेलो असतो तर पार्सल परत गेलं असतं. थोड्या वेळानं त्या आजी डोक्यावर तांदळाचा डबा घेऊन आल्या.

"दलान दलाला चाललेय, सांगून आले," त्या म्हणाल्या. "आता बोल रं बाला. तो नंबर तुज्याकडं कसा आला?"

मी सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला.

"माजी कल्यानची लेक बोलली, पैसं भरलं, नंबर आपला झाला. म्हंजे आमी खोली सोडली आनि तू ऱ्हायला आलास?"

"हो. मुदत संपली की नंबर दुसऱ्याला देतात."

"आमच्या चालीत एवढे भाडेकरू ठेवलेत मी, आनि हितं मीच भाडेकरू निघाले कं!" असं म्हणून त्या एवढ्या हसल्या की गिरणीवाला बाहेर डोकावला.

मग त्यांनीच सांगितलं. वडील मिठागरावर होते. लहानपणी त्या खाडीत पोहायच्या, मुलांच्याही पुढे. लग्न झालं आणि पाणी सुटलं. आता गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात जायला सांगितलं, तेव्हा भजनाला जाते असं सांगून त्या पालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या वेळेला जाऊ लागल्या. शिकवणाऱ्या बाईंचा जुना पोशाख घालून त्या सराव करत होत्या. येत्या रविवारी ज्येष्ठ बायकांची स्पर्धा होती आणि तिथे उसना, ढिला पोशाख चालणार नव्हता.

"घरी का नाही सांगत?"

"सांगू कसं? पोराचा फोटू चौकातल्या बॅनरवर असतो. त्याची आय चड्डीवर पोवते म्हनून लोक त्याला चिडवतील. शर्यत मारली तर सांगीन. आधी सांगून बुडाले तर?"

तेवढ्यात डिलिव्हरीवाला आला. पार्सल आपलंच म्हणून आजींनी त्याला हात केला. "काय आजी, नंबरच लागत नाय तुमचा. दोनदा येऊन गेलो इथपर्यंत. आज नसता झाला तर गेला असता माल परत."

"आता आला न? मग दे."

"ओटीपी?"

आजींनी माझ्याकडे बोट केलं. मी चार आकडे वाचून दाखवले. माझा आवाज थोडा मोठा झाला असेल, कारण गिरणीवाल्यानंही मान हलवली. पार्सल पदराखाली गेलं.

पण एवढ्यावर सोडून चालणार नव्हतं. माझी मुदत संपली की नंबर आणखी कुणाकडे गेला असता, आणि त्यांच्या घराचा पत्ता आणि पुढची सगळी खरेदी त्याच्या हातात. मी त्यांना सांगितलं की भाड्याचा नंबर एकदा वापरून सोडायच्या कामाला ठीक आहे. ज्या खात्यात पत्ता आहे, वस्तू येणार आहेत, परत करायच्या आहेत, तिथे तो टाकला की कुलूप आपलं आणि किल्ली उद्या कुणाच्या हातात पडेल याचा भरवसा नाही. खात्यावर त्यांच्या लेकीचा खरा नंबर टाकायचा ठरलं. आजींना तो पाठ होता. मी माझ्या मोबाईलवरून लावला आणि स्पीकर सुरू केला.

"ताई, तुमच्याकडे आता एक कोड येईल, तो मला सांगा."

"कोण बोलतंय? ओटीपी नाही देणार मी. पोलिसात देईन."

"अगं दे," आजी मध्येच ओरडल्या, "आपला मानूस हाय तो!"

कोड मिळाला. नंबर बदलला. मी खात्यातून बाहेर पडलो आणि माझ्याकडून ते कायमचं बंद झालं. रस्त्यात उभ्यानं केलेलं हे काम, कुणी मार्क देणार नाही असं. पण 'आपला मानूस' हे शब्द ऐकून कॉलेजला परत जाताना मी पुलावर उगाच हळू चाललो. काही वेळापूर्वी ज्या दारात मला चोर ठरवलं, त्याच घरातल्या बाईनं हे म्हटलं होतं.

पुढचं कळवायला हाच नंबर चालेल का, असं लेकीनं विचारलं, तेव्हा मी आईचा देईन म्हणालो, तो मिळाला की. आणि तो मिळालाही. आधार वाटलं होतं त्यापेक्षा लवकर अपडेट झालं, डाव्या हाताच्या करंगळीचा ठसा जुळला आणि आईच्या नावाचं सिम आलं. त्यावर तिचं खातं उघडलं आणि तो नंबर आजींच्या लेकीलाही पाठवला. बाबांनी नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये साठवताना दोनदा वाचून घेतला. साडी पौर्णिमेआधी आली.

पण कोपरीहून काहीच कळेना. रविवार होऊन गेला. आई कामावरून आली की चपला काढायच्या आधी मोबाईल माझ्याकडे द्यायची. "बघ रे, मला नीट दिसत नाही." तिला नीट दिसतं. आपण होऊन विचारायचा मला धीर होत नव्हता. माझा त्यांच्याशी संबंध तो काय, एका चुकलेल्या नंबरापुरता. आजी बुडाल्या असतील, घरी कळलं असेल, मुलानं जाणं बंद केलं असेल, असं काय काय डोक्यात यायचं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही विहारातून परतलो. आई नवी साडी न बदलता तशीच बसली होती, तेव्हा मोबाईल वाजला. लेकीच्या नंबरवरून आवाजी निरोप होता. आईनं तो स्वतः सुरू केला.

"बाला, पालिकेनं शर्यत पुढं ढकलली व्हती, आज झाली. मना ऱ्हावलं नाय, काल रातीच घरी सांगून टाकलं. पोरगा जेवला नाय. पन आज समदी आली, तो पन आला, सून तर पुढच्या बाकावर उभी ऱ्हाऊन बोंबलत व्हती. दुसरी आले मी. पयली आली ती शाळेत पीटी शिकवायची, तिचं काय मोठं?"