पाच थाळ्या आणि विश्राम परब

विश्राम परबांना आमच्या केंद्रात सगळे हवालदार म्हणत. त्यात चेष्टा किती आणि मान किती, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसे. माणूस कुडाळकडचा. लष्कराच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली, चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि चंदीगडलाच राहिले, कारण मुलं आता आपसांत हिंदीतच भांडायची.

आमचं केंद्र भाताच्या रोगांचं. मी तिथे टायपिस्ट, विश्रामभाऊ सात वर्षं तात्पुरते तंत्रज्ञ. सत्त्याण्णवच्या मार्चअखेर कायम करायच्या लोकांची यादी जाणार होती. त्यासाठी विभागप्रमुखांचा शेरा लागे, आणि पंचेचाळिशीनंतर पुन्हा संधी नव्हती. विश्रामभाऊ चव्वेचाळीस वर्षांचे.

विभागप्रमुख डॉ. विनायक कारखानीस. बासमतीची रोपं एकाएकी उंच, फिकी होऊन वाळतात, तो रोग करणारी बुरशी हा त्यांचा विषय. बुरशी जुनी, जगाला माहीत असलेली. पण देश नुकताच खुला झाला होता, बासमती परदेशी निघाली होती, आणि जुनीच बुरशी घेऊन परिषदेला जाणं सरांना कमीपणाचं वाटे. करनालकडून आणलेल्या पाच नमुन्यांत त्यांना नवी जात दिसली. नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायची रीत नाही, म्हणून त्यांनी आपल्या गुरुजींचं दिलं. संचालक निवडणाऱ्या समितीवर गुरुजी होते, ही देवाची योजना असावी.

या बुरश्या दिसायला सारख्याच. जात एक की वेगळी हे ठरवायला त्यांचं लग्न लावून बघतात. काचेच्या थाळीत थिजवलेल्या गाजराच्या रसावर ओळखीची बुरशी आणि नवी बुरशी एकत्र वाढवायची. महिन्याभरात काळे दाणे धरले आणि त्यांतलं बी रुजलं, तर जात एक. मात्र बुरशीतही वरपक्ष आणि वधूपक्ष असतात. दोन्हीकडून एकच पक्ष आला तर जात एक असूनही काही धरत नाही. म्हणून ओळखीच्या बुरशीच्या दोन कुप्या लागतात, एकेका पक्षाची एक.

परदेशातून एकच कुपी आली, दुसरी वाटेत कुठेशी अडकली. सरांनी त्या एकीवर पाचही नमुने लावले, महिनाभर काही धरलं नाही, आणि त्यांनी नवी जात जाहीर केली. पाच नवरदेव सहाव्या नवरदेवासमोर बसवले आणि पाळणा हलेना म्हणून घराणंच वेगळं ठरवलं, असं मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांना जेवताना ठसका लागला. परदेशी नियतकालिकाला पाठवायचा निबंध मात्र मीच टाइप केला आणि सेक्टर सतराला जाऊन मीच कुरिअरला दिला.

फेब्रुवारीत दुसरी कुपी आली. सर म्हणाले, "फ्रीजमध्ये ठेवा. काम झालंय."

विश्रामभाऊंच्या वहीत त्या कुपीसाठी पाच रकाने आखलेले होते. लष्करातल्या माणसाला रिकामा रकाना म्हणजे रोग्याला न दिलेलं औषध. त्यांनी सव्वीस सेक्टरच्या मंडईतून लाल गाजरं आणली आणि पाच थाळ्या लावल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "प्रतिमाताई, बघा जरा."

पाचही थाळ्यांवर खसखस सांडल्यासारखे काळे दाणे. बी घेऊन वेगळं लावलं होतं, तेही रुजलेलं.

"आता हो?"

"आता काय. बाळंतपण झालं, लपवणार कुठे?"

"यादी तीन आठवड्यांवर आलीय, भाऊ."

"ते बायको रोज सांगते. तुम्ही नवं काही सांगा. सकाळी अथर्वशीर्ष म्हणता ना? लिहू की नको?"

"देवाला कशाला मध्ये घालता? बघितलंय तुम्ही."

बोलून गेले आणि मलाच भीती वाटली. त्यांनी लिहिलं, तारखेसकट.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"रकाना होता, साहेब."

"तारीख जूनची टाका. तोवर निबंध छापून येईल. मग हाही शोध आपणच जाहीर करू."

"आज मार्चची सात आहे, साहेब."

"परब, तुमची फाइल माझ्या टेबलावर आहे. माहितेय ना?"

"माहितेय. खालून तिसरी."

तारीख बदलली नाही. आठ दिवसांनी त्या नियतकालिकाकडून पत्र आलं, की दुसऱ्या पक्षाबरोबर काय झालं ते कळवा, वहीच्या पानाची प्रत पाठवा. सरांनी निबंध मागे घेतला. एप्रिलात त्यांनी एका परिसंवादात चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं, आमच्या केंद्राने एक खोटी जात वेळीच कशी रोखली यावर. अध्यक्षस्थानी गुरुजी होते. माझं नाव वाचवलंत, म्हणाले.

त्याआधी, मार्चच्या शेवटच्या दिवशी, शेरा टाइप करायला माझ्याकडेच आला होता. 'उमेदवार कुशल आहे, परंतु न सांगितलेली कामे करतो. शिफारस नाही.' मी तो पुन्हा एकदा वाचला. मग तीन प्रती काढल्या. माझीही नोकरीच. निदान दुसऱ्याकडून कळू नये म्हणून विश्रामभाऊंना मीच जाऊन सांगितलं.

ते थाळ्या धूत होते. "शब्द काय आहेत नेमके?"

मी सांगितले. त्यांनी नळ बंद केला.

"खोटं काही नाही त्यात," म्हणाले. "पण बायकोला मराठीत सांगू की हिंदीत, ते बघायला हवं. हिंदीत मुलांनाही कळेल."

जुलैत ते इंडस्ट्रियल एरियातल्या एका बियाणं कंपनीत लागले. तिथेही तात्पुरतेच.